रांजणकड्यातली पाचर

रांजणकड्यावर एक नियम होता. वनखात्याचे नियम पाटीवर असतात आणि पाटी पावसात वाहून जाते, त्यामुळे त्यांचं फारसं कुणी मनावर घेत नसे. हा नियम चढणाऱ्यांचा होता, आणि शिरीष टिपणीसनं तो दोन पिढ्यांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवला होता. कड्यावर आपलं काही ठेवायचं नाही.

इतर डोंगरांवर लोक कातळाला भोक पाडतात, त्यात पोलादी मेख ठोकतात, मेखेत दोर अडकवतात आणि वर जातात. मेख तिथंच राहते आणि मागून येणाऱ्याला वाट दाखवते. शिरीषच्या लेखी हा तसबिरी टांगण्याचा धंदा होता, चढाई नव्हे. रांजणकड्यावर भोक पाडायची बंदी. दगडात मुळात ज्या भेगा आहेत, त्यांतच अ‍ॅल्युमिनियमची बोटाएवढी पाचर बसवायची. पाचरीला तार, तारेला कडी, कडीत दोर. पडलात आणि पाचर नीट बसवलेली असली, तर ती तुम्हाला धरते. मागून येणाऱ्या गड्यानं येता येता एकेक पाचर काढून कमरेला लावायची. दोघं माथ्यावर पोचले की कडा पुन्हा कोरा. म्हणून तिथल्या वाटा कुठल्या नकाशात नव्हत्या, त्या फक्त माणसांच्या लक्षात होत्या. पहिल्यानं चढणाऱ्यानं वाटेला नाव ठेवायचं, आणि हे लोक जात्याच अर्धवट असल्यामुळे नावंही तशीच होती: सासूबाई, बिनतिकीट, आंघोळ, तिसरी घंटा.

तिसऱ्या घंटेवर शिरीषचा मुलगा गेला.

तन्मय तेव्हा कॉलेजात होता. तो पुढं चढत होता, शिरीष खाली दोर धरून होता, आणि धाकटी सानिका पायथ्याच्या कपारीत बसून शेंगा सोलत होती. तन्मयनं भेगेत पाचर बसवली, खेचून बघितली, खाली बघून हसला आणि वर सरकला. पुढच्या हाताला कातळाची एक ढलपी सुटली. पाटाएवढी ढलपी, तीच डोक्यात बसली. तो पडला आणि पाचरीनं त्याला धरलं. त्या पाचरीनं काही म्हणता काही चुकवलं नाही. दगडानं दगा दिला, पाचरीनं दिला नाही. शिरीषनं मुलाला दोरावरून खाली घेतलं तेव्हा त्याचं अंग अजून गरम होतं.

पुढच्या मार्गशीर्षात शिरीष ती पाचर काढायला वर गेला. नियम नियम असतो आणि मागचा गडी तोच होता. पाचरीची तार भेगेतून लोंबत होती, खाली कडी. कडी उन्हानं तापली होती. त्यानं पाचर सोडवायचा आकडा काढला, पाचरीखाली घातला, आणि मग तसाच बाहेर घेतला. तन्मयच्या हातानं जगात बसवलेली ती शेवटची वस्तू होती. ती इतकी चपखल बसली होती की बापाला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याबद्दल स्वतःची किळस आली. खाली उतरल्यावर मित्रांनी विचारलं, "काढलीस?" तो म्हणाला, "हो, काढली."

त्यानंतर दर वर्षी तो एकट्यानं ती काढायला जात असे आणि तिला हात लावून परत येत असे.

सानिकानं त्या घटनेचं वेगळंच काही केलं. तिनं कडा सोडला आणि सूक्ष्मजीवशास्त्र धरलं. आई तोवर आजारपणात गेली होती. बाप-लेक एका घरात राहत आणि तन्मय सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत. मग सानिका एका संशोधनसंस्थेत लागली, आणि चाळिशी गाठायच्या आत तिनं ते करून दाखवलं ज्याला पुढं लोक 'टाके' म्हणू लागले.

गोष्ट तशी जुनीच आहे. मातीत असे जीवाणू असतात जे कॅल्शियमपासून चुनखडी तयार करतात; तडा गेलेलं काँक्रीट सांधायला ते कितीतरी वर्षं वापरात होते. अडचण अशी की त्यांना कॅल्शियम बाहेरून पुरवावं लागतं, आणि अख्ख्या डोंगराला कोण किती पुरवणार? सानिकाच्या जीवाणूला काही पुरवावं लागत नव्हतं. सह्याद्रीच्या काळ्या कातळात कॅल्शियम असतंच. तिचा जीवाणू कातळ चाटून ते सोडवून घ्यायचा, पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची गाठ घालायचा आणि भेगेत पांढऱ्या खड्याचे थर चढवायचा. उघड्या उन्हात तो मरायचा. अंधारी, ओलसर, अरुंद जागा मिळाली की फोफावायचा, आणि भेग भरली की हवेवाचून आतच संपायचा. ड्रोननं फवारा मारायचा आणि एक पावसाळा वाट बघायची. कडा आपला आपण सांधला जायचा.

आणि त्या दिवसांत कडे सांधणं हा जिवाचा प्रश्न झाला होता. पावसानं ताळतंत्र सोडलं होतं. महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळायचा, त्याआधी उन्हाळ्यानं कातळ तापवून तापवून ढिला केलेला असायचा. डोंगराखालच्या वाड्या एकेक करून गाडल्या जात होत्या. रांजणकड्याच्या पायाशी अभयारण्याच्या हद्दीला लागून रांजणवाडी होती. तिथल्या लोकांना हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं होतं. जनावरं तिथं चारता येत नव्हती, आणि मे महिन्यात शेडमध्ये माणूस भाजून निघे.

टाके घालण्यासाठी पहिला कडा निवडला गेला तो रांजणकडा. चढणाऱ्या मंडळींनी आकाशपाताळ एक केलं. भेगा बुजल्या म्हणजे वाटा बुजल्या, पाचर अडकवायला जागाच उरणार नाही. सगळ्यांना वाटलं होतं, टिपणीस पुढं होऊन भांडेल. टिपणीस म्हणाला, "वाडीत माणसं राहतात. आपण रविवारी येतो." तिथं वाद संपला, आणि बरीच मैत्रीही.

माघात सानिका बापाला घेऊन रांजणवाडीत आली. मंदाबाई लहामगे शेळ्या बघायच्या निमित्तानं शेडमधून मधूनमधून घरी येत असे. तिच्या ओट्यावर दोघं बसले. शिरीष कॉलेजात असल्यापासून इथं भाकरी खात आला होता, तेव्हा मंदाबाई नवी नवरी होती. तिनं चहा ठेवला आणि सानिकानं मांडीवरच्या पडद्यावर कडा उघडला. आख्खा कडा, रंगीबेरंगी, आतल्या भेगांसकट.

"हे बघ बाबा. कडा शिवायचा म्हणजे पोतं शिवल्यासारखं होतं. माथ्यावर मुरलेलं पाणी आत येणारच, त्याला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून ज्या भेगा पावसात मुळातच वाहतात, त्यातल्या तीन उघड्या ठेवायच्या. फवारणीआधी त्यांत लाख भरायची, नंतर काढायची. दोन नक्की झाल्यात."

"आणि तिसरी?"

तिनं चित्र मोठं केलं. कड्याच्या मधोमध दोन उभ्या रेघा, शेजारी शेजारी. डावी म्हणजे आंघोळ. उजवी म्हणजे तिसरी घंटा. शिरीषनं चष्मा काढून पुसला.

"रडारला दोन्ही सारख्याच खोल दिसतात," सानिका म्हणाली. "पण पाणी एकीतूनच येत असणार. पावसाळ्यात इथं ढगांमुळे एकही चित्र मिळत नाही, आणि आता तर ठणठणीत कोरडं आहे. दोन्ही उघड्या ठेवता येत नाहीत, मधला कातळ सुटा राहील आणि पहिल्या पावसात खाली येईल. एकच ठेवायची. कुठली पाझरते?"

"भोक पाडून बघ की, आत ओल लागते का."

"त्याला परवानगी लागते. परवानगी येईस्तोवर पाऊस येईल." तिनं पडदा त्याच्याकडं वळवला. "आणि तू असताना भोक कशाला?"

शिरीषला उत्तर माहीत होतं. चांगलंच माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वी तो आणि अविनाश खांबेटे, दोघंही विशीतले मूर्ख, अभयारण्य बंद असताना भाद्रपदात चोरून डाव्या भेगेवर चढले होते. अर्ध्यावर भेगेतून पाण्याची धार अशी काही फुटली की दोघं कपड्यांसकट न्हाऊन निघाले. नाव तिथंच पडलं. उजवी भेग त्या पावसातही खडखडीत कोरडी होती.

मंदाबाईनं चहा आणून ठेवला. शिरीषच्या डोळ्यांपुढं पांढरे थर दिसत होते, तारेवर चढणारे, पाचरीवर चढणारे, कडी गिळणारे. मुलाला एकदा अग्नी दिला होता. आता हेही पुरायचं?

त्यानं मनाशी हिशेब मांडला. कडा लाखो वर्षं उभा आहे. दोन वाटा खऱ्या आहेत, पाणी तिकडून जाईल. पाणी काय, कुठूनही वाट काढतं.

"उजवी," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

सानिकानं त्याच्याकडं बघितलं. मग खाली बघून उजव्या रेघेवर हिरवी खूण केली, आणि चहा निवायच्या आत प्यायली.

फवारणी झाली, पावसाळा गेला, आणि दसऱ्याला कड्यावर पांढऱ्या शिरा उमटल्या. पायथ्याशी एक यंत्र बसवलेलं होतं, ते कातळाची कुरकुर ऐकायचं. तुटण्याआधी दगड आतून कडकडतो, बारीक, माणसाच्या कानाला न कळणारं; ती कुरकुर वाढली की वाडीत भोंगा वाजे. पूर्वी तो भोंगा पावसाळाभर वाजून लोकांना वेड लावत असे. आता तो चिडीचूप होता. सानिकाचे फोटो छापून आले. शेडमधल्या लोकांनी गाठोडी बांधली.

गाठोडी बांधण्याआधी मंदाबाईनं शिरीषला फोन केला. "टिपणीसभाऊ, साहेब लोक म्हणत्यात आता भ्या न्हाई. पोरगा म्हणतोय चल घरला. पर तुमी सांगा. कडा तुमच्यावानी कुणाला ठावं न्हाई. जाऊ का?"

इथं त्याला खरं बोलता आलं असतं. सांगायचं होतं ते एका वाक्यात मावण्यासारखं होतं. शिरीषच्या तोंडातून आलं ते एवढंच: "जा, मंदाबाई. आपलं घर ते आपलं घर."

"तुमी म्हणलात, झालं," ती म्हणाली, आणि वाडी परत नांदू लागली.

पहिला पावसाळा सुखरूप गेला. हिवाळ्यात अविनाश खांबेटे शिरीषच्या घरी आला. टाक्यांच्या भांडणानंतर तो पहिल्यांदाच येत होता. गुडघ्याला पट्टा, हातात पेढ्यांचा पुडा, आणि तोंड पेढ्यांना न शोभणारं.

"जाऊन आलो कड्यावर," तो म्हणाला. "काय केलंय रे त्याचं! दात पडलेल्या म्हातारीच्या हिरड्या झाल्यात. सासूबाई गेली, बिनतिकीट गेली. बोट घालायला जागा नाही."

"माणसं वाचली ना?"

"वाचली. त्याबद्दल नाही बोलत मी." खांबेटेनं पुडा टेबलावर ठेवला आणि सोडलाच नाही. "शिऱ्या, एक सांग. आंघोळ का बुजवली? आणि ती दुसरी… ती उघडी कशी? त्या दुसरीतून थेंब पडलेला मी तरी बघितला नाही."

त्यानं 'तिसरी घंटा' हे नाव घेतलं नाही. तन्मय गेल्यापासून शिरीषपुढं कुणीच ते नाव घेत नसे, आणि त्या वाटेचा विषय निघाला की मित्र आपण होऊन माघार घेत. हे शिरीषला पुरतं ठाऊक होतं. त्यानं त्याचाच फायदा घेतला, आणि घेताना त्याला लाज वाटली.

"चाळीस वर्षं झाली अव्या. पाणी वाटा बदलतं."

खांबेटेनं पुड्याच्या दोऱ्याला पीळ दिला. "बदलत असेल," तो म्हणाला. "तुझं जाणंयेणं जास्त." मग गुडघ्याच्या दुखण्यावर बोलून निघून गेला.

शिरीषनं सानिकाला फोन लावला. लावताना ठरवलं होतं की सांगून टाकायचं. आंघोळ पोखरून मोकळी करायची, उजवी बुजवायची, अजून सगळं होण्यासारखं होतं. सानिका फोनवर धापा टाकत होती. आणखी कुठल्या कुठल्या कड्यांना मंजुरी मिळाली ते सांगत होती. कोकणातल्या वाड्या, घाटमाथ्यावरच्या वाड्या, हिमालयातून आलेली माणसं. किती वर्षांनी तिच्या आवाजात हसू होतं. तन्मय गेल्यापासून त्यानं ते ऐकलंच नव्हतं.

"बाबा, तू कशाला फोन केलेलास?"

"काही नाही. जेवलीस का विचारायला."

दुसरा पावसाळाही निभावला. माणसाला एवढं पुरतं. दोनदा बुडाला नाही की त्याला वाटतं आपल्याला पोहता येतं. मार्गशीर्षात शिरीष दोर घेऊन माथ्यावरून खाली उतरला. खालून वर चढायचं त्याचं वय राहिलं नव्हतं. डावीकडच्या कातळाचा फुगवटा ओलांडला की तिसरी घंटा. त्या फुगवट्याआड असल्यामुळे पाचर खालून कधी कुणाला दिसली नव्हती. ती जशीच्या तशी होती. भेग कोरडी, स्वच्छ, तिच्यात कोळ्याचं जाळं. त्यानं कडी मुठीत धरली. मग का कोण जाणे, डावा हात शेजारच्या पांढऱ्या शिवणीला, बुजलेल्या आंघोळीला, लावला. मार्गशीर्षातल्या उन्हात ती गार होती, माठाच्या पोटासारखी.

आत पाणी होतं. दोन पावसाळ्यांचं.

पाण्याचा दाब त्याच्या उंचीवर ठरतो, पसाऱ्यावर नाही. फट नखाएवढी असली तरी चालते. ती कड्याच्या उंचीनं भरली की धरणातलं पाणी जेवढ्या जोरानं भिंत रेटतं तेवढ्याच जोरानं कातळ बाहेर रेटते. शिरीष इंजिनिअर होता, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो दोरावर लोंबकळत कितीतरी वेळ तसाच राहिला. एका हातात मुलाची कडी आणि दुसरा हात त्या गार पांढऱ्या रेघेवर. खाली वाडीत कुणीतरी शेळ्यांना हाका मारत होतं. आता बोलायचं तर तीन वर्षांचं खोटं कबूल करायचं. मंदाबाईला सांगायचं, खांबेटेला सांगायचं, सानिकाला सांगायचं की तुझ्या हसण्याखाली मी काय दडवलंय. उन्हाळ्यात सांगू, तो स्वतःशी म्हणाला. पाऊस लांब आहे. उन्हाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला, आणि खरं सांगायचं तर त्याला त्या आजाराचं बरं वाटलं.

भाद्रपदात गौरीच्या जेवणाच्या दिवशी पाऊस आला. तो दुपारी आला आणि एका जागी उभा राहून कोसळला. रांजणवाडीत घरोघरी पानं वाढली होती. मंदाबाई खालच्या गावात गिरणीवर अडकली होती, ओढ्याला पाणी चढल्यामुळे तिला परत येता येईना. पायथ्याचं यंत्र शांत होतं. भोंगा वाजलाच नाही. मोकळा कातळ तुटण्याआधी आठआठ दिवस कुरकुरतो; शिवलेला कातळ कुरकुरत नाही, तो एकदम जातो. आंघोळीच्या डावीकडची सगळी भिंत फुगवट्यासकट सुटली आणि वाडीवर आली. अर्धी वाडी गेली. मंदाबाईचा मुलगा, सून, दोन्ही नातवंडं, आणि गौरीला आलेली लेक.

चौकशी लागली. सानिकानं पहिल्याच दिवशी लिहून दिलं की निचऱ्याचं गणित चुकलं आणि ते तिनं एकटीनं केलं होतं. टाक्यांचं काम सगळीकडं थांबलं. ज्या वाड्यांना मंजुरी मिळाली होती त्यांची मंजुरी गेली. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या माथ्यावरचे कडे जसे होते तसेच, मोकळे आणि कुरकुरणारे, उभे राहणार होते. तिच्या घरावर कुणीतरी शेण फेकलं. शिरीष रोज सकाळी खरं सांगायचं ठरवून उठे आणि तिचा चेहरा बघून चहा करे.

आश्विनात ती म्हणाली, "मला तिथं जायचंय. गाडी तू चालव."

दरडीचा ढिगारा अजून ओला होता. मध्येच कुणाच्या दाराची चौकट उभी होती, तिला आंब्याचं वाळलेलं तोरण. सानिका एका धोंडीवर बसली. शिरीष उभाच राहिला. मग त्यानं सांगितलं. पाचर, दर वर्षीचं खोटं, उजवी-डावी, खांबेटे, ती गार शिवण, सगळं. सांगताना त्याचा आवाज कोरडा होता, दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसा. संपल्यावर तो म्हणाला, "मी लिहून देतो. तुझं नाव सुटेल. काम परत सुरू होईल."

सानिका मातीतला खडा नखानं खरवडत होती.

"तिचं नाव आंघोळ होतं, बाबा. मला माहीत नव्हतं असं वाटलं तुला? अविनाशकाका लहानपणी ती गोष्ट शंभरदा सांगायचा. भिजलेल्या चड्डीसकट."

शिरीषला वाटलं आपल्या कानांना काही झालंय.

"आणि पाचरही माहीत होती. नोकरी लागल्यावर मी एकदा गेले होते, तुला न सांगता. बघितली. हात नाही लावला." ती वर न बघता बोलत होती. "भोक पाडायची परवानगी आलेली होती. महिनाभर आधी. मला भोक पाडायचं नव्हतं. पाडलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर दादाची भेग मलाच बुजवावी लागली असती. म्हणून तुला विचारलं. तू काय सांगशील ते मला माहीत होतं. मला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं."

"सानू…"

"नको." ती एवढंच म्हणाली. "तू लिहून दिलंस तर मलाही लिहून द्यावं लागेल. मग ह्या कामाला पुन्हा कुणी हात लावील?"

एकमेकांना दोष द्यावा तर दोष सारखाच होता, आणि माफ करावं तर माफ करायचा हक्क त्या दोघांपैकी कुणाचाच नव्हता. इतकी वर्षं एका घरात राहून दोघांनी ज्या एका गोष्टीचं नाव घेतलं नाही, तिच्यापायी ही वाडी गेली होती.

खालून मंदाबाई आली. हातात काठी, पायांत कुणीतरी दिलेले मोठे बूट. ती रोज येत असे. काही सापडतं का बघायला. तिनं सानिकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सानिका त्या हाताखाली आक्रसली.

"रडू नगं बाई," मंदाबाई म्हणाली. "तू चांगल्यासाठीच केलंतंस. डोंगराचं कुणाला कळलंय?"

ढग फाटले आणि कड्यावर ऊन आलं. डावी भिंत गेल्यामुळे कडा ओळखू येत नव्हता. नव्या उघड्या कातळाच्या कडेला, अधांतरी उंचावर, काहीतरी चकाकलं. फुगवटा गेला होता, आता आड काही नव्हतं. तिथवर जायची वाट मात्र, खालून काय आणि माथ्यावरून काय, फुगवट्यावरूनच होती, तीही गेली होती. कुणीही, कधीही, तिथं पुन्हा पोचणार नव्हतं.

मंदाबाईनं कपाळावर हात धरला. "दरड आल्यापासून बघतेय मी ते. ऊन पडलं की चमकतं. काय हाय वो भाऊ? तुमच्या लोकांचं काय ऱ्हायलंय का?"

सानिकानं मान वर केली नाही. शिरीषला सगळं सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलंही.

"माझ्या मुलाचं आहे," तो म्हणाला. "तन्मयचं."

"त्याच्या हातचं?"

"हो."

मंदाबाई वर बघत राहिली. ढिगाऱ्यावरून वारा आला, चौकटीवरचं तोरण हललं.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "काढू नका. पोराच्या हातचं काय तरी ऱ्हायलंय तुमाला. माझ्या पोराचं मी रोज हुडकते, एक वहाणसुदिक गावली न्हाई."

आणि काठी टेकत ती पुढं गेली, चौकटीच्या पलीकडं, जिथं तिचं घर होतं.